शिफारशीचा रकाना

प्रिय नूतनताई,

पाकिटावरचं माझं अक्षर पाहून तू आधी घाबरशील, म्हणून पहिल्याच ओळीत लिहितो की घरी सगळे बरे आहेत. सगळे म्हणजे बाबा आणि मी. रोज संध्याकाळी फोन होत असताना हे पत्र कशाला लिहितो, असंही तुला वाटेल. बाबा फोन स्पीकरवर लावतात आणि जेवणाच्या टेबलावर वरणाच्या भांड्याला टेकवून ठेवतात. मग मी जे बोलीन ते त्यांच्यासमोरच बोलीन. शिवाय मोठी गोष्ट बोलायची वेळ आली की माझं काय होतं ते तू पाहिलेलं आहेस. पॉलिटेक्निकच्या दुसऱ्या वर्षी तोंडी परीक्षेला उत्तर येत असूनही मी नुसता उभा राहिलो, घरी आलो आणि पुन्हा तिकडे गेलोच नाही. लिहिताना निदान खोडता येतं. हे सगळं आधी माझ्या ऑनलाइन अर्ज भरायच्या सेंटरवरच्या वाया गेलेल्या झेरॉक्सच्या पाठीवर लिहून काढलं आणि आता चांगल्या कागदावर उतरवतो आहे. मराठीत मी फक्त तुलाच लिहितो. हुडको कॉलनीतलं बाकी सगळं जग माझ्याकडून हिंदीत लिहून घेतं. कुठे ऱ्हस्वदीर्घ चुकलं असेल तर सांभाळून घे. नागपूरच्या मामांकडची जुनी पुस्तकं समोर ठेवून तूच मला शिकवलंस, तेवढ्याच शिदोरीवर चाललं आहे.

कूलरची खस बदलली. तुझ्या खोलीतलं काही हलवलेलं नाही, फक्त दुपारी बाबा तुझ्या खुर्चीवर बसून पेपर वाचतात. सकाळी बळीरामकाकांबरोबर सेक्टर दहापर्यंत फिरायला जातात, प्लांटच्या आपल्या जुन्या क्वार्टरसमोर थोडा वेळ उभे राहतात आणि नव्या माणसांनी कुंपणाला कोणता रंग दिला ते मला येऊन सांगतात. सेंटरवर गर्दी आहे. आधार, रेशन, जातीचा दाखला, तेच ते. लोक म्हणतात की भुपू भैया के यहाँ नाम में गलती नहीं होती. यापलीकडे माझ्याबद्दल सांगण्यासारखं काही नाही.

मागच्या आठवड्यात तुझ्या कॉलेजातली सुजातादीदी सेंटरवर आली होती. तू हैदराबादला गेल्यापासून पहिल्यांदाच. तिचं नाव वाचून तू पत्र बाजूला ठेवू नकोस. ती रांगेत उभी राहिली, मी आत बोलावलं तरी आली नाही, नंबर आल्यावरच समोरच्या खुर्चीवर बसली. तिला जो अर्ज भरायचा होता तो उघडला आणि माझे हात थांबले. तू भरला होतास तोच अर्ज. संगणकात संशोधन करणाऱ्या आणि नोकरीत मध्यावर येऊन अडकलेल्या बायकांसाठीचा तो कार्यक्रम, ज्यात वर्षभर एक ज्येष्ठ बाई तुमच्याशी बोलते, पुढची वाट दाखवते. नाव, पद, किती वर्षं शिकवलं, मध्ये किती वर्षं काही छापून आलं नाही आणि का, हे सगळं ती घरून लिहून घेऊन आली होती. त्या 'का'च्या पुढे तिनं दोन बाळंतपणं आणि सासूबाईंचा लकवा असं लिहिलं होतं. त्याच जागी तू आईचं आजारपण लिहिलं होतंस. तेही मीच टाइप केलं होतं.

अर्जाच्या शेवटी शिफारशीचा रकाना येतो. या कार्यक्रमातून आधी गेलेल्या एखाद्या बाईनं तिथे चार ओळी लिहायच्या असतात. आपल्या दुर्ग-भिलाईतून तुझ्याशिवाय कोणी गेलेलं नाही. मी तो रकाना समोर आणला. ती म्हणाली की इसको खाली रहने दो, भैया. रकाना भरल्याशिवाय अर्ज पुढे सरकत नाही, हे तिलाही माहीत होतं. मी तो अर्धा भरलेला तसाच साठवून ठेवला आहे. जाताना तिनं एक डबा काउंटरवर ठेवला. बाबांसाठी तांदळाच्या पिठाचा वाफवलेला फरा. लसणाची चटणी वेगळ्या पुडीत. बाबांनी संध्याकाळी गरम करून खाल्ला आणि विचारलं की ही पोरगी आताशा येत कावून नाही. मी सांगितलं, पेपर तपासायचं काम चालू आहे.

तुझे ते रविवार मला फार आठवतात. तू मधल्या खोलीत लॅपटॉपपुढे बसायचीस. कॅमेऱ्यात खांद्यापर्यंतच दिसतं हे माहीत असून पूर्ण साडी नीट नेसायचीस. बाहेरच्या खोलीत बाबा पेपर उघडून, आणि मध्ये फक्त दाराचा पडदा. तुला वाट दाखवणाऱ्या पुण्याच्या अन्नपूर्णा मॅडम सुरुवातीला नुसत्या ऐकून घ्यायच्या. मग एका रविवारी त्यांनी विचारलं की प्रोफेसरच्या पदासाठी अर्ज केव्हा केला होतास. तू म्हणालीस की अर्ज कशाचा, यादी लागेल तेव्हा नाव येईल. त्यांनी तोच प्रश्न पुन्हा विचारला, तुला वाटलं नेट गेलं होतं.

त्यांना कसं कळणार. आपल्या घरात बढती म्हणजे यादी. प्लांटमधल्या बाबांच्या रेल मिलच्या नोटीस बोर्डावर ज्येष्ठतेप्रमाणे नावं लागायची, बाबा आपलं नाव बोटानं शोधायचे आणि येताना जिलेबी आणायचे. त्या यादीसाठी कोणी साहेबांच्या बंगल्यावर गेला असं कळलं तर सेक्टरभर त्याच्याकडे बायकासुद्धा वेगळ्या नजरेनं बघायच्या. आपन काम करावं, ऑर्डर आपल्या पायानं चालत येते, हे आपण दोघं बाबांच्या तोंडून ऐकत वाढलो. तू त्यांचीच मुलगी. मशीनला छत्तीसगढी बोलणं समजावं म्हणून भाजीबाजारातल्या बायकांचे आवाज गोळा करत उन्हात फिरलीस, रिवाज आहे म्हणून प्रत्येक शोधनिबंधावर विभागप्रमुखांचं नाव आधी टाकलंस, आणि ऑर्डरची वाट पाहत राहिलीस. तुझ्या मागून लागलेले दोघं प्रोफेसर झाले तेव्हा घरी येऊन म्हणालीस की त्यांची यादी वेगळी असेल. त्यांनी अर्ज केला होता, एवढंच. तुमच्या कॉलेजात यादी कधी लागतच नव्हती. हे तुला चाळिशी उलटल्यावर एका अनोळखी बाईकडून कळलं. त्या दिवशी तू जेवली नाहीस आणि बाबांनीही ताट तसंच ठेवलं. तू का जेवत नाहीस ते त्यांनी विचारलं नाही. पडद्याआडून त्यांनी सगळं ऐकलं होतं.

मग मॅडमनी तुला मागायला शिकवायला घेतलं. केलेलं काम 'मी केलं' असं म्हणायचं, 'आम्ही' म्हणायचं नाही, असा गृहपाठ दिला. मला आणि बाबांना समोर बसवून तू मुलाखतीचा सराव करायचीस. बाबा डायरेक्टर व्हायचे. चष्मा नाकावर ओढून विचारायचे की तुमाले आमी प्रोफेसर कावून करावं, सांगा. तू सुरू करायचीस, आम्ही बाजारात आवाज गोळा केले, आम्ही असं केलं, आम्ही तसं केलं. बाबा मध्येच अडवायचे. आमी कोन? तुया खोलीत तं तू एकटीच बसत होती. तू हसून पुन्हा पहिल्यापासून सुरू करायचीस. आई गेल्यानंतर बाबांना घरात इतकं बोलताना मी पहिल्यांदा पाहिलं. पुढे पुढे रविवारी सकाळी तुझ्या आधी तेच आंघोळ करून तयार व्हायचे, आणि कॉल संपला की विचारायचे, आज काय म्हने तुया मॅडम.

दुपारी सुजातादीदी यायची. मॅडमनी सकाळी तुला दिलेलं तू दुपारी तिला द्यायचीस. नाही कसं म्हणायचं, परीक्षा विभागाची फुकटची कामं अंगावर कशी घ्यायची नाहीत, पेपरावर आपलं नाव कुठे असावं हे आधीच कसं बोलून ठेवायचं. ती वहीत काही लिहीत नसे, फक्त तुझ्या तोंडाकडे बघत बसायची. एकदा तू आत चहा ठेवायला गेलीस तेव्हा मला म्हणाली की तुम्हारी दीदी मुझे बीस साल पहले मिलती तो अच्छा था. मी तेव्हा हसलो.

मग हैदराबादच्या संस्थेत तुझी निवड झाली. कायमची जागा, स्वतःचं काम, स्वतःची माणसं. रुजू होताना मूळ प्रमाणपत्रं हवी होती आणि ती कॉलेजच्या कपाटात बंद, कारण नोकरीला लागतानाच त्यांनी ती ठेवून घेतलेली. नुसती मागितली असती तर त्यांनी ओळखलं असतं. सुजातादीदीकडे तपासणी समितीच्या फायलींचं काम होतं. त्या कामासाठी सगळ्यांची प्रमाणपत्रं कपाटातून बाहेर येणारच होती. तुझी ती तुझ्या हातात देणार होती, तू त्याच आठवड्यात राजीनामा देणार होतीस. हे चार माणसांना माहीत होतं. तू, ती, बाबा आणि मी.

ती कागद तुझ्या हातात देणार त्याच्या आदल्या दिवशी डायरेक्टरांनी तुला बोलावलं आणि सांगितलं की हैदराबादचं आम्हाला माहीत आहे, परीक्षा होईपर्यंत एक कागद बाहेर जाणार नाही. हैदराबादवाल्यांनी एकदा मुदत वाढवून दिली, मग यादीतल्या पुढच्या माणसाला बोलावलं. त्या दुपारी तू सेंटरवर आलीस, हेल्मेटसुद्धा काढलं नव्हतंस. माझ्या काउंटरवरूनच तू तिला फोन लावलास. मला तुझा तो आवाज कधीच ऐकावा लागला नव्हता. "मैंने तुझे साथ लेकर चलने की सोची, और तूने मुझे ही बेच दिया." ती पलीकडून काय म्हणाली ते मला ऐकू आलं नाही. रेशन कार्ड घेऊन आलेली म्हातारी आपल्या दोघांकडे आळीपाळीनं बघत होती. तेव्हा मी तोंड उघडलं होतं, ताई. तुला आठवत नसेल. तू म्हणालीस की तू नको बोलू भुपू, तुले यातलं काही समजत नाही. आणि स्कूटर काढून गेलीस.

खरंच मला यातलं फारसं समजत नाही. मग परीक्षा झाल्या, तू कायमची नोकरी सोडलीस आणि हैदराबादच्या त्याच संस्थेत एका प्रकल्पावर, दर वर्षी नव्या आदेशावर चालणारं काम घेऊन गेलीस. इतकी वर्षं शिकवलेली बाई आता वर्षावर्षानं मोजली जाते, असं तू एकदा फोनवर म्हणालीस आणि लगेच हैदराबादच्या भाज्यांबद्दल बोलू लागलीस. सुजातादीदीचं नाव तू त्यानंतर घेतलं नाहीस. तीही कॉलेजात कोणाला काही बोलली नाही. सेंटरवर आली त्या दिवशी डबा ठेवून उठताना एवढंच म्हणाली, "दीदी पूछती तो मैं बताती. उसने पूछा ही नहीं."

आता जे लिहायचं आहे ते लिहितो. तुझ्या कार्यक्रमाच्या शेवटाकडे एका रविवारी मॅडम तुला म्हणाल्या होत्या की नुसती वाट दाखवणारं माणूस पुरत नाही. ज्या खोलीत तू नसतेस आणि तुझ्याबद्दल ठरत असतं, त्या खोलीत तुझं नाव घेणारं कोणीतरी लागतं. पुरुषांची नावं घेणारे असतात, बायकांची नसतात. तू मान हलवलीस आणि विषय पुढे गेला. बाबांनी मात्र पेपर खाली ठेवला. संध्याकाळी मला विचारलं की कॉलेजात नूतनचं नाव घेनारं कोन आहे. मी म्हणालो, कोणी नाही.

तुझी निवड झाल्यानंतर एका सकाळी त्यांनी मला स्कूटर काढायला सांगितली. प्लांटकडून मिळालेलं घड्याळ घातलं होतं, इस्त्रीचा शर्ट. मला वाटलं बँकेत जायचं असेल, पेन्शनच्या हयातीच्या दाखल्यासाठी. वाटेत मिठाईच्या दुकानावर थांबवलं, काजूकतलीचा डबा घेतला आणि मग म्हणाले, कॉलेजात घे. मी म्हणालो की बाबा, ताईला विचारून जाऊ. ते म्हणाले की तिले विचारलं तं ते नाईच म्हनन. मी स्कूटर हळू चालवली, एवढंच माझ्या हातात होतं. गेटवर त्यांनी आपलं पूर्ण नाव सांगितलं, मारोतराव, रेल मिल, रिटायर, आणि चौकीदारानं आत सोडलं. तू त्या वेळी वर्गावर होतीस. तुझा आवाज कॉरिडॉरपर्यंत येत होता. बाबा क्षणभर थांबले, ऐकलं, आणि जिना चढले.

डायरेक्टरांसमोर ते बसले नाहीत. ज्या माणसानं अख्ख्या नोकरीत कोणत्या साहेबाच्या दारात पाय ठेवला नाही, तो टेबलाला हात टेकवून उभा होता. हिंदी त्यांनी आधीच मनात जुळवून ठेवली असावी. "साहब, मेरी बेटी को हैदराबादवाले बुला रहे हैं. उसने आपको इतने साल दिए. आप उसको प्रोफेसर बना दो, तो वो नहीं जाएगी." मी मागच्या खुर्चीवर होतो. मला उठता आलं नाही, खोकतासुद्धा आलं नाही. डायरेक्टरांनी त्यांना बसवलं, चहा मागवला, बाबूजी म्हणाले, बेटी हमारी भी है म्हणाले, हैदराबादमध्ये कुठे, केव्हा, सगळं आपुलकीनं विचारून घेतलं. बाबांनी सगळं सांगितलं. जिना उतरताना ते मला म्हणाले की पाय रे, येवढा मोठा साहेब, पन स्वताच्या हातानं चा देल्ला. त्यांचा चेहरा मी तसा फक्त बढतीच्या जिलेब्या आणायचे तेव्हा पाहिलेला आहे.

त्यानंतर चौथ्या की पाचव्या दिवशी डायरेक्टरांनी तुला बोलावलं. म्हणजे सुजातादीदीनं काही सांगितलं नव्हतं. कॉलेजचा शिपाई सेंटरवर आला तेव्हा कळलं, तिनं तुझी प्रमाणपत्रं खरोखरच वेगळी काढून ठेवली होती, आणि त्यावरून तिला काय ऐकून घ्यावं लागलं ते तिनं तुला कळू दिलं नाही.

बाबांना यातलं काही माहीत नाही. कॉलेज कागद देत नाही असं तू घरी सांगितलंस तेव्हा ते माझ्यामागे स्वयंपाकघरात आले आणि हळूच म्हणाले, पाय रे, सोडत नाही तिले, शब्द लागला. ते ऑर्डरची वाट पाहत होते. तू राजीनामा देऊन निघालीस तेव्हा त्यांना कळेना की दोन पावलांवर आलेली ऑर्डर सोडून ही पोरगी जाते कशी. अजूनही बळीरामकाकांना सांगतात की थोडी थांबाले पायजे होती, आमची नूतन घाईची आहे. मी सांगायचा प्रयत्न केला नाही असं नाही. परवा डोळे तपासून येताना रिक्षात मी सुरुवात केली की बाबा, त्या दिवशी कॉलेजात. ते लगेच माझ्याकडे वळले. "त्या दिवशी मी बरा बोललो ना रे? तुया आईनं पायलं असतं तं हसली असती." मी म्हणालो, बरं बोललात. पुढचं वाक्य जुळवेपर्यंत घर आलं.

तरीही मी हे पत्र लिहिलं नसतं, ताई. तुला राग धरायला सुजातादीदी होती, बाबांना वाट पाहायला ऑर्डर होती, आणि माझ्यासारख्याला गप्प बसायची सवय आहे. पण मागच्या सोमवारी तू फोनवर सांगितलंस की तिथेच पुन्हा एक कायमची जागा निघाली आहे आणि पुढच्या महिन्यात मुलाखत आहे. फोन स्पीकरवर होता. बाबांनी घास तसाच ठेवला. दुसऱ्या दिवशी सकाळी ते सेंटरवर आले, बाकीच्यांसारखे रांगेत उभे राहिले आणि मला म्हणाले की हैदराबादचं तिकीट काढ. तिथल्या मोठ्या साहेबाला भेटायचं आहे. तिथं तिचं नाव घेनारं कोन हाय, म्हणाले, मी जाऊन राहिलो ना. तुला आधी कळवायचं नाही, असंही बजावलं, तिले अचानक दिसू दे. नको म्हणायचं तर का नको ते सांगावं लागलं असतं, आणि मागे लोक उभे होते. मी तिकीट काढलं. वेटिंग येईल अशी आशा होती, पण ज्येष्ठ नागरिक म्हणून खालची बर्थ लगेच मिळाली. येत्या रविवारी दुपारी गाडी सिकंदराबादला पोचते. डब्याचा आणि बर्थचा नंबर वेगळ्या चिठ्ठीवर लिहून ती सोबत ठेवली आहे. सेंटर बंद ठेवता येत नाही म्हणून मी बरोबर येऊ शकत नाही असं मी त्यांना सांगितलं. खरं म्हणजे त्या खोलीत पुन्हा मागच्या खुर्चीवर बसणं मला जमणार नाही. हे पत्र स्पीड पोस्टानं टाकतो आहे, त्यांच्या आधी पोचेल. त्यांना साहेबांकडे जाऊ देऊ नकोस. कसं थांबवायचं ते मला सुचत नाही. खरं सांगितलंस तर त्यांचं काय होईल याची भीती वाटते, खोटं सांगितलंस तर ते पुन्हा कुठेतरी जातील. नुकसान तुझं झालं आहे, म्हणून तू ठरव. सुजातादीदीचा अर्ज महिनाअखेरपर्यंत उघडा राहील, तिचा फोन नंबर तोच आहे. आणि एक, गाडीतून उतरताना बाबांचा उजवा गुडघा धरतो, ते सांगत नाहीत. आधी हात दे, सामान घे, चहा पाज. मग जे काय बोलायचं ते बोल.

तुझाच,
भुपू